वायर हवीच!

मंडळी, ॲम्प्लिफायर काही घरभर फिरत नाही. कपाटावर बसला की वर्षानुवर्षं तिथेच. मग त्याला बिनतारी करण्याचा अट्टहास कशासाठी? गाणं मध्येच तुटलं की कंपनीचं ठरलेलं उत्तर, "राऊटर बंद करून चालू करा." म्हणजे दोष ग्राहकाचा, त्यातही म्हाताऱ्याचा!

खरं कारण वेगळंच असतं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. अख्ख्या सोसायटीचे वायफाय त्यांतच दाटीवाटीने बसतात. मायक्रोवेव्हची लुडबूडही तिथेच. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंती त्याला जास्त अडवतात. कंपन्यांना हे ठाऊक नाही का? तरी काही यंत्रांना लॅनचं साधं पोर्टही ठेवत नाहीत. लॅनची केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, शेजाऱ्याच्या वायफायला भीक घालत नाही.

"वायर दिसते, शोभा जाते" म्हणे! अहो, यंत्र ऐकायला घेतलंय की बघायला?

तेव्हा घेण्याआधी यंत्राची पाठ बघा. पोर्ट नसेल तर दुकानातच ठेवून या. असेल, तर आजच केबल जोडा. घरचे नाक मुरडतील, मुरडू देत!