झुलीखालचा घोडा

चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सकाळी मुलुंडच्या एका रस्त्यावर, ढोलवाली पोरे अद्याप दोऱ्या ताणीत बसली असताना आणि नऊवारी नेसलेल्या मुली फेटे बांधवून घेण्यासाठी रांगेत तिष्ठत असताना, ज्या घोड्यावरून बालशिवाजीची स्वारी निघावयाची होती त्या घोड्याकडे मी जवळजवळ अर्धा तास पाहत होतो. त्याच्या अंगावर किरमिजी मखमलीची, चमकीच्या नक्षीची झूल होती. गळ्यात प्लॅस्टिकच्या मण्यांची हैकल, कपाळावर आरशांचा तुरा, पायांत घुंगरू आणि शेपटीला झेंडूची माळ. पाठीवर आठ-नऊ वर्षांचा, जिरेटोप भुवयांपर्यंत उतरलेला एक गोजिरवाणा मुलगा. घोडा सारखी मान झटकीत होता, जागच्या जागी पाय आपटीत होता आणि त्याच्या ओठांवरून गळणाऱ्या फेसाला किंचित गुलाबी छटा होती. भोवतालची मंडळी कौतुकाने म्हणत होती, “काय पाणीदार जनावर आहे!”

मोतद्दार कोवळ्या वयाचा आणि मनमोकळा होता. घोड्याची जात विचारली तेव्हा तो जरासा ओशाळून म्हणाला, “काका, आई काठेवाडी, बाप रेसचा. मिक्स आहे.” त्याचे म्हणणे खरे असावे, कारण कानांची टोके आत वळलेली होती, पण अस्सल काठेवाडी वा मारवाडी घोड्याप्रमाणे एकमेकांना भिडत नव्हती, आणि मानेच्या बुडाशी खांद्यावरचा उंचवटा चांगलाच वर आलेला होता, जो शर्यतीच्या रक्ताची साक्ष देतो. मग मी लगाम पाहण्याची इच्छा दर्शविली. त्याने आधी आढेवेढे घेतले, शेवटी घोड्याचा ओठ बोटाने बाजूला सारला. आतल्या कडियाळ्याला खिळ्यासारखे काटे होते. “ह्याच्याशिवाय वाजंत्रीत हातात राहत नाही, काका. सवय आहे त्याला,” तो म्हणाला.

घोड्याच्या तोंडात पुढचे दात संपल्यावर आणि दाढा सुरू होण्यापूर्वी काही बोटांची मोकळी हिरडी असते. निसर्गाने जणू लगामासाठीच ठेवलेली ही जागा हाडावर ताणलेल्या पातळ कातडीची असून तिच्यावर आणि जिभेवर कडियाळे टेकते. साधे, जाड, मध्ये सांधा असलेले कडियाळे तेथे सूचना देते, बारीक तारेचे कापते, काटेरी भोसकते. बाजारात घोड्याचे तोंड उघडून पाहण्याचा दस्तूर आहे खरा, परंतु तो वय ठरविण्यापुरता. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीस जो मोठा घोडेबाजार भरतो, तेथे गिऱ्हाईक देवमणीचा भोवरा शोधील, चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी मागील, रेवाल चालीने पळवून पाहील. पण त्याच बाजारातील दुकानांत लगाम-खोगीर घेताना मात्र त्याची नजर पितळेच्या झळाळीवर खिळते, आणि जो जिन्नस जनावराच्या जिभेवर चार-चार तास राहावयाचा, तो मोलभावाच्या शेवटी वर टाकून दिला जातो.

काटेरी लगाम बेकायदेशीर आहे, ही गोष्ट शोभायात्रांचे चालक आणि वरपिते यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावी. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली 1965 साली ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांतील आठव्या नियमाने काटे, गाठी वा टोके असलेला लगाम आणि साज वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. साठ वर्षांचा जुना जाबता आहे हा. त्याची अंमलबजावणी होत नाही याचे कारण माझ्या मते सरकारी अनास्थेइतकेच आपल्या डोळ्यांतही आहे. वेदनेने मान उडविणारा घोडा आपल्याला तेजस्वी वाटतो, आणि सुखाने चालणारा घोडा मरगळलेला वाटतो. घोडेवाला बिचारा गिऱ्हाइकाची आवड पुरवितो.

त्या पोराच्या ओशाळण्याकडे पुन्हा वळतो. ‘मिक्स’ म्हणताना त्याला लाज का वाटावी? ज्या भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख राजा बढे यांच्या गीतात आहे, जे गीत 2023 पासून महाराष्ट्राचे राज्यगीत म्हणून आपण उभे राहून ऐकतो, ती तट्टे तरी शुद्ध वंशाची कोठे होती? भीमेच्या खोऱ्यातील काटक डोंगरी घोड्यांत बंदरांवर उतरलेल्या अरबी व इराणी घोड्यांचे रक्त मिसळले आणि त्यातून अंगाने बेताचा, खुराने कणखर, मूठभर चंदीवर मजला मारणारा घोडा निपजला. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा बारगीर असो की स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येणारा शिलेदार असो, दोघांची मांड बहुधा अशाच संकरावर होती. तेव्हा संकराला झाकण्याचे कारण नाही. कारण आहे ते त्याला नीट पाहण्याचे. कारण आईकडून कान आणि बापाकडून पाठ घेऊन आलेल्या जनावराला ना आईचा साज अंगी लागतो, ना बापाचा.

इंग्लंडातील प्रदर्शनांत अर्धरक्ताच्या घोड्यांसाठी निराळे वर्ग असतात, आणि तेथील जाणते लोक साज निवडताना वंशावळीच्या कागदाआधी अंगलट पाहतात: भारदस्त, शिकारी वळणाचा असेल तर रुंद चामड्याची साधी मोहोरकी आणि स्वाराच्या अंगात जाड लोकरी ट्वीडचा कोट, नाजूक, डौलदार वळणाचा असेल तर अरुंद पट्ट्या आणि कपाळावर रंगीत पट्टी. त्यांचे कोट आपण उचलावेत असे मी मुळीच म्हणत नाही. मुंबईच्या चैत्रात ट्वीड घालणाऱ्याची कीवच करावी लागेल. उचलण्याजोगी आहे ती निवडीची दिशा, जी घोड्यापासून निघून साजाकडे जाते. आमच्या उपनगरांत ती उलटी वाहते. भाड्याच्या पेटीतून एकच मखमली संच निघतो आणि तो काल बोरिवलीच्या वरातीत, आज मुलुंडच्या शोभायात्रेत, उद्या घाटकोपरच्या वरघोड्यात, ज्या कोणत्या घोड्याची पाळी असेल त्याच्यावर चढतो.

खोगिराचीच गोष्ट घ्या. मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी भरताडाला लावून आपण एका उपयुक्त वस्तूची फार बदनामी केली आहे. कारण घोड्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ती भरतीच. खांद्याचा उंचवटा मोठा असलेल्या घोड्यावर खोगिराचा सांगाडा टेकता कामा नये. स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटे सहज आत गेली पाहिजेत, आणि पाठीच्या कण्यावर हवेची वाट मोकळी राहून सगळा भार दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर पडला पाहिजे. याच्या उलट, डोंगरी तट्टाकडून गोल पिंपासारखे अंग आणि सपाट खांदा आलेला असेल तर खोगीर चालता चालता पुढे सरकते. तेथे शेपटीखालून जाणारी दुमची हवी, नाहीतर घोडेवाला तंग इतका आवळतो की काखेत जखमा होतात. मुलुंडच्या त्या घोड्याला दुमचीची गरज नव्हती, तरी ती होती, गोंड्यांसह. आणि नमद्याची जाड घडी हवी होती, ती नव्हती. झूल उचलली तेव्हा उंचवट्यावर रुपयाएवढा केस उडालेला डाग दिसला.

डोक्याच्या साजात वळलेल्या कानांचा मुलाहिजा ठेवावा लागतो. कपाळपट्टी आखूड असली तर ती शिरपट्ट्याला पुढे ओढून कानांच्या मुळाशी घासते, आणि आरशांच्या तुऱ्याने ती आणखी जड होते. माझी निवड विचाराल तर अशा घोड्याला विटकरी किंवा गर्द तपकिरी चामड्याची, मोजक्या पितळी फुलांची मोहोरकी, साधे सांधेदार कडियाळे, गळ्यात सुती गोंड्यांची एक हलकी हैकल आणि खोगिराखाली पाठ झाकण्यापुरती एकरंगी सुती झूल, एवढाच सरंजाम पुरे. कुमाईत रंगावर तो जितका खुलतो तितकी चमकी कधीच खुलत नाही. कानात कापसाचे बोळे घालावेत हे मात्र ताशाच्या शेजारून जाणाऱ्या प्रत्येक घोड्यासाठी, रंग वा रक्त काहीही असो.

स्वाराच्या पोशाखाबद्दल आमची मंडळी फार उत्साही असतात, आणि तेथेच बेफिकीर. बालशिवाजीच्या पायांत बिनटाचेची मोजडी होती आणि रिकीब अरुंद, लोखंडी. घोडा बिथरून मुलगा कलंडला तर असे मऊ पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकते, आणि अडकलेला स्वार फरफटतो. जुन्या हिंदुस्थानी रिकिबींना रुंद तळपट्टी असे, कारण स्वार मऊ जोड्यांनी वा अनवाणी बसत. आपण जोडा जुना ठेवला आणि रिकीब नवी घेतली. टाच असलेला साधा काळा जोडा सुरवारीखाली कोणाच्या डोळ्यांवर येणार आहे? जिरेटोपाचेही तसेच. आत घोडेस्वारीची टोपी घालून तिच्यावर मुंडासे बांधले तर ते किंचित मोठे दिसेल, इतकेच. मावळ्यांची मुंडाशी काही लहान नव्हती. नऊवारीचा काष्टा मांड टाकून बसण्यास उत्तम, याबद्दल दुमत नाही. मात्र आत सुती चुडीदार हवा, कारण जरीचे काठ मांडीखाली चुरगळले की स्वारिणीला सोलतात आणि ती अवघडली की लगामाला लोंबकळते. मुलांच्या हाती तर लगाम देऊच नये. तो मोतद्दाराच्या हाती असावा, आणि मुलाने खोगिराच्या पुढच्या कडीला धरावे. महाराजांच्या इतमामाला त्याने काही उणेपणा येत नाही.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो मला पोकळ वाटत नाही: मिरवणुकीत घोडा हवाच कशाला? 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवून त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा जी मंडळी हळहळली त्यांत मीही होतो, आणि त्या घोड्यांच्या तबेल्यांची अवस्था आठवली की हळहळीची शरमही वाटते. उद्या वरातीच्या घोड्यावरही तशी पाळी आली तर मी रस्त्यावर उतरून विरोध करणार नाही. परंतु जोवर घोडे आहेत, घोडेवाल्यांची पोटे त्यांच्यावर आहेत आणि आपण पैसे मोजून त्यांना बोलावतो, तोवर बयाणा देताना एक अट घालणे आपल्या हाती आहे: निघण्यापूर्वी ओठ बाजूला करून कडियाळे दाखवावे, आणि झूल उचलून पाठ दाखवावी. शोभायात्रेच्या समित्या पताकांचा, पाण्याच्या टँकरचा, रुग्णवाहिकेचा बंदोबस्त तपशीलवार लिहून ठेवतात. त्या यादीत ही एक ओळ घालण्यास खर्च काही नाही.

मुलुंडच्या त्या समितीने ती ओळ घातली. पुढल्या पाडव्याला तोच घोडा आला, तोच मोतद्दार आला; कडियाळे साधे, आरशांचा तुरा नाही, खोगिराखाली दुहेरी घडीची घोंगडी. ढोल सुरू झाले तेव्हा घोड्याने एकदा कान वळविले आणि मग मान खाली सोडून तो रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालू लागला. माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ, मोबाइल खाली घेत, पत्नीला म्हणाले, “गेल्या वर्षीचा घोडा बरा होता. हा अगदीच थकलेला दिसतोय.”