आदिवासी ज्ञान पुस्तकाच्या सजावटीपुरते नको

शहरातल्या मुलांना आदिवासी भेटतात ते बहुधा शाळेच्या भिंतीवरच्या वारली चित्रात, नाहीतर स्नेहसंमेलनातल्या तारपा नाचात. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटी पाच लाखांहून अधिक, म्हणजे ९.३५ टक्के लोक आदिवासी आहेत. एवढ्या मोठ्या समाजाची ओळख नक्षीपुरती उरावी, हे आपल्या शिक्षणाचे अपयश आहे. त्रिकोण जोडून माणूस काढायला मुले सहज शिकतात. पण वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. आदिवासींचे ज्ञान आणि त्यांची जगाकडे पाहण्याची दृष्टी विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्राच्या धड्यांत आली पाहिजे. तीही फक्त आश्रमशाळांत नव्हे, पुण्या-मुंबईच्या वर्गांतसुद्धा.

शिकवण्याजोगे पुष्कळ आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एखाद्याचा विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. लोकशाही म्हणजे मतमोजणी, एवढेच शिकणाऱ्या नववीच्या मुलांना याहून जिवंत धडा कुठे मिळेल? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावठी वाणांचे बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२०ची पद्मश्री मिळाली. बियाण्यात राख का मिसळतात, मडक्याचे तोंड शेणमातीने का लिंपतात, ओल आणि कीड यांचा बियाण्याच्या उगवणीशी काय संबंध, हे प्रश्न विज्ञानाच्या तासाचेच आहेत.

यावर पहिला आक्षेप येतो तो अंधश्रद्धेचा. त्यात तथ्य आहे. साप चावल्यावर भगताकडे वेळ घालवणे जिवावर बेतते आणि ते तसेच शिकवायला हवे. परंतु पारंपरिक आहे म्हणून स्वीकारणे जितके अवैज्ञानिक, तितकेच आदिवासींचे आहे म्हणून न तपासता टाकून देणेही. वर्गात आणून पारखणे हाच विज्ञानाचा मार्ग आहे. दुसरा आक्षेप अधिक कळकळीचा असतो आणि अनेकदा आदिवासी पालकच तो घेतात: आमच्या मुलांना स्पर्धेत उतरायचे आहे, त्यांना पुन्हा जंगलात का ढकलता? ही भीती रास्त आहे, म्हणूनच हे शिक्षण आदिवासी मुलांसाठी वेगळे काढून चालणार नाही. गणित आणि इंग्रजी त्यांना पक्के आलेच पाहिजे. पण मेळघाटातल्या मुलाची कोरकू भाषा मुंडा कुळातली, तिचे मराठीशी नाते नाही. पहिल्याच दिवशी अनोळखी भाषेत बसवलेले मूल मागे पडते ते ज्ञानाअभावी नव्हे. घरच्या भाषेतून सुरुवात करून मराठी-इंग्रजीकडे नेणे, हाच त्याला स्पर्धेत टिकवण्याचा भरवशाचा रस्ता आहे. तिसरे गाऱ्हाणे अभ्यासक्रमाच्या ओझ्याचे. त्यासाठी नवा विषय नकोच. बियाणे, जंगल, ग्रामसभा हे घटक पुस्तकांत आहेतच, त्यांतली उदाहरणे बदलायची आहेत.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आदिवासी ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. तो धोरणाच्या कागदावर राहू नये यासाठी धडे लिहिणाऱ्या मंडळांत गोंड, भिल्ल, कोरकू, कातकरी, महादेव कोळी समाजांतले शिक्षक आणि अभ्यासक हवेत, आणि गावातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना मानधन देऊन वर्गात बोलावायला हवे. दुसऱ्याने त्यांच्याविषयी लिहिलेला धडा कितीही सहानुभूतीचा असला, तरी त्यात ते विषय म्हणूनच उरतात. शिक्षक म्हणून ते समोर उभे राहिले, की आदिवासी मुलाला आपल्या घरची माणसेही ज्ञानी आहेत हे कळेल, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाला त्यांच्याकडून शिकण्याची सवय लागेल.