एव्हरीवन, फुल कंट्रोल

गेल्या शनिवारी सकाळी, चहा हातात आणि डोळे अर्धवट मिटलेले अशा अवस्थेत मित्राचा फोन आला. त्याने नवा लॅपटॉप घेतलाय आणि राउटरजवळ ठेवलेल्या जुन्या हार्डडिस्कच्या पेटीवरचे सिनेमे त्यावरून काही केल्या उघडत नाहीयेत. जुन्या लॅपटॉपवरून मात्र बिनबोभाट उघडतात. "ते साइनिंग-बिइनिंग काय असतं ना, ते बंद कसं करायचं तेवढं सांग. दोन मिनिटांचं काम आहे म्हणे."

दोन मिनिटांचंच काम आहे, हे खरंय. तरी मी सांगितलं नाही. साहेब रागावले. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी झालंय काय ते बघू. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती २०२४ मध्ये आली. तिच्या प्रो आवृत्तीत नेटवर्कवरच्या शेअरला 'पाहुणा' म्हणून, म्हणजे नाव-पासवर्ड न देता, जोडणं मुळातच बंद असतं. शिवाय समोरच्या मशीनने प्रत्येक निरोपावर सही करावी अशी सक्ती असते. बऱ्याच जुन्या पेट्या या पाहुणेपद्धतीवरच चालायच्या. त्यामुळे त्या एकदम दिसेनाशा झाल्या, आणि लोकांनी "ही कटकट बंद कशी करायची" हे शोधायला घेतलं.

आता माझं मत. ही कटकट बंद करू नका. पेटीवर एक युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि त्या नावाने आत जा. पेटी इतकी जुनी असेल की तिला सहीच येत नाही, तर आधी तिचं सॉफ्टवेअर अपडेट करून बघा. घरात शेअरिंग करताना "सगळ्यांना सगळं" हा सोपा रस्ता घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय. ते पुस्तक वाचून झालेलं नाही. ठेच लागून झालंय.

तर झालं असं. २०१२ च्या दिवाळीत मी आजीला समोर बसवून तिचा आवाज रेकॉर्ड केला होता. जात्यावरच्या ओव्या, अनारशाचं पीठ कसं मुरवायचं, तिच्या माहेरच्या विहिरीत पडलेल्या रेड्याची गोष्ट... एकूण ३१ फाइल्स. २०१४ मध्ये आजी गेली. २०१६ मध्ये एका रविवारी मी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची मोट बांधायला बसलो. हॉलमधल्या डेस्कटॉपवरचं 'घर' नावाचं फोल्डर शेअर केलं आणि आईच्या लॅपटॉपवर ते झेड ड्राइव्ह म्हणून लावून दिलं. पण उघडेना! 'ॲक्सेस डिनाइड'. मग कुठल्याही इंजिनिअरने केलं असतं तेच मी केलं. पासवर्डची अट काढून टाकली, परवानग्यांच्या खिडकीत 'एव्हरीवन'समोर 'फुल कंट्रोल'वर टिचकी मारली. लगेच उघडलं. स्वतःवर खूश होऊन जेवायला बसलो.

काही महिन्यांनी आईच्या लॅपटॉपवर डिस्क भरल्याचा निरोप यायला लागला. तिला कोणीतरी सांगितलं की नको असलेली मोठी फोल्डरं काढून टाक. तिने झेडमधलं 'आजी' काढून टाकलं. मला हे अकरा दिवसांनी कळलं, तेही बोलता बोलता.

"अरे, माझ्याकडची कॉपी काढली मी. तुझ्याकडे आहेच ना?"

नव्हती. तिच्या लॅपटॉपवर दिसत होती तीच एकमेव प्रत होती, माझ्या डिस्कवर. मी धावत जाऊन रिसायकल बिन उघडला. तोही रिकामा! विंडोजमध्ये नेटवर्कवरून काढलेली फाइल साधारणपणे कुठल्याच रिसायकल बिनमध्ये जात नाही, ना या मशीनच्या ना त्या मशीनच्या. थेट जाते. हे मला माहीत असायला हवं होतं, पगारच त्याचा मिळतो. काढताना "कायमचं काढू का?" असं विचारलं जातं, पण आईने हो म्हटलं, कारण ती आपली कॉपी काढत होती ना!

फाइल्स परत मिळवायच्या सॉफ्टवेअरने ३१ पैकी ९ परत आणल्या. रेड्याची गोष्ट त्यात नाही.

आवाज गेला त्याहून मला जास्त लागलं ते आईचं. ती कितीतरी दिवस "माझ्या हातून गेलं" म्हणत राहिली. मी शंभरदा सांगितलं की चूक माझी आहे. पण बोट तिचं होतं, म्हणून तिला पटेना. ज्या दाराला मी कडी लावायला हवी होती ते सताड उघडं ठेवलं, आणि अपराधी मात्र ती झाली.

लोक म्हणतात, घरात कसल्या परवानग्या? आपल्याच माणसांवर अविश्वास? मला हे बरोबर उलटं वाटतं. परवानगी असते ती चुकणाऱ्या माणसाला वाचवायला, आणि चुकतं कोण नाही? ऑफिसात डेटाबेसवर मला फक्त वाचायचा हक्क असतो तेव्हा मला अपमान वाटत नाही, उलट रात्री शांत झोप लागते. तीच शांतता आपण आईला का देत नाही?

आजीच्या घरी फराळाचे डबे वरच्या फळीवर असायचे. खायला घरातले सगळे आणि शेजारची चार पोरंसुद्धा. पण डबा उतरवायचा तो आजीनेच. यात कोणाला अविश्वास दिसला नाही. लाडू सगळ्यांचे, डबा एकीच्या ताब्यात. वाचायची परवानगी सगळ्यांना, लिहायची एकाला. आजीला हे कळत होतं. मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कळलं नाही.

गंमत म्हणजे विंडोजलाही कळतं. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून फोल्डर शेअर करा, ते आपणहून 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' देतं. फुल कंट्रोलची खूण आपण करतो, घाईत. शेअरची परवानगी वेगळी आणि डिस्कवरच्या फोल्डरची वेगळी, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक ती लागू होते. हे ठाऊक नसलं की माणूस वैतागून दोन्हीकडे सगळं खुलं करतो.

वैतागाची आणखी दोन ठरलेली कारणं सांगतो. एक, आपण रोज पिन टाकून लॅपटॉप उघडतो. तो पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर चालत नाही. तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. दोन, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. लोक इथे अडतात आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद करून मोकळे होतात. मीही झालो होतो.

आता आमच्याकडे असं आहे. शेअर करणाऱ्या मशीनवर घरातल्या प्रत्येकाचा एक साधा युजर, प्रत्येकाला पासवर्ड. 'घर' फोल्डर सगळ्यांना फक्त वाचायला. शेजारी 'टाका इथे' नावाचं दुसरं फोल्डर, तिथे कोणीही काहीही टाकावं, काढावं. दर रविवारी मी त्यातलं ठेवण्यासारखं उचलून 'घर'मध्ये नेतो. आणि महिन्यातून एकदा 'घर'ची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात. शेअर म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे :-)

"एवढी उठाठेव कशाला, सगळं क्लाउडवर टाक की!" हेही ऐकतो. टाका ना, प्रत म्हणून जरूर टाका. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला चार जीबीचा व्हिडिओ समुद्रापार कशाला पाठवायचा? ५० एमबीपीएसच्या अपलोडवर तो चढायलाच दहा-अकरा मिनिटं, मग उतरवणं वेगळं. घरातल्या गिगाबिट केबलवर हे काम मिनिटाच्या आत होतं, आणि इंटरनेट गेलेलं असलं तरी होतं.

राहता राहिला बाहेरचा चोर. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तो याच शेअरिंगच्या भाषेच्या, एसएमबीच्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. त्यावरचा उपाय मार्चमध्येच आला होता, पण असंख्य मशीन्सवर तो बसवलेलाच नव्हता. एरवीही खंडणीखोर प्रोग्रॅम एका लॅपटॉपमध्ये शिरला की त्या लॅपटॉपला जिथे जिथे लिहिता येतं, तिथलं सगळं तो कुलूपबंद करू शकतो. जोडलेला झेड ड्राइव्हसुद्धा. जिथे त्या लॅपटॉपला फक्त वाचता येतं, तिथे त्या वाटेने त्याचंही काही चालत नाही. म्हणजे आईच्या चुकीसाठी लावलेली कडी चोरालाही लागते.

असो. मित्राला मी दुपारी परत फोन केला. पेटीवर युजर बनवायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंचवीस त्याने पेटीचा ॲडमिन पासवर्ड शोधण्यात घालवली. शेवटी सिनेमे दिसले. मुलीला फक्त वाचायची परवानगी दिली तेव्हा तो म्हणाला, "चिडेल रे ती." चिडू दे. उद्या तिच्या हातून त्याचे लग्नाचे फोटो उडाले, तर ती किती वर्षं रडेल ते बघ म्हटलं.

आई आता अधूनमधून त्या उरलेल्या नऊ फाइल्स ऐकते. परवा म्हणाली, "अरे, हे माझ्याकडून चुकून जाणार नाही ना?"

"नाही जाणार. तू प्रयत्न केलास तरी जाणार नाही."

तिने खरंच प्रयत्न करून बघितला. 'परवानगी नाही' आलं. इतकी खूश झालेली मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.