फुकटे कोण?



स्थानकात एस.टी.ची गाडी लागली की खिडकीतून रुमाल, टोप्या, दप्तरे आत जातात. दारात रेटारेटी होते. या सगळ्यात एखादे म्हातारे माणूस पायरीचा दांडा धरून अडकते. पायरी उंच, गुडघा वर येत नाही. मागून कोणीतरी ओरडते, "चला आजोबा, आटपा! फुकट फिरायचंय, तर रिकाम्या गाडीनं जायचं." चारजण हसतात. हे पत्रक त्या चौघांसाठी आहे.

२६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षांवरील सर्वांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. वाहक त्यांना शून्य रुपयांचे तिकीट देतो आणि त्या भाड्याची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला करायची असते. (सरकार ती वेळेवर करते का, यावर भांडायचे तर मंत्रालयाशी भांडा.) वाहकाच्या पगारातून किंवा तुमच्या खिशातून त्या आजोबांसाठी गाडीत एक रुपयाही घेतला जात नाही.

आता हसणाऱ्यांची तिकिटे पाहू. कॉलेजच्या मासिक पासवर ६६.६७ टक्के सवलत. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धे तिकीट. ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धेच. पूर्ण भाडे भरणारे गाडीत किती उरले, ते एकदा मोजाच! आमच्यातल्या बायका अर्ध्या तिकिटावरच जातात आणि त्याची आम्हाला लाज वाटत नाही. मग फुकटेपणाचा शिक्का एकट्या म्हाताऱ्यांवरच का? ते उलटून बोलत नाहीत म्हणून. यापेक्षा दुसरे कारण आम्हाला तरी सापडले नाही.

हिशेबच करायचा तर पुरता करा. आज पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे बहात्तरच्या दुष्काळात ऐन उमेदीत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, मुरूम वाहिला, पाझर तलाव खोदले, रस्ते केले. बायका पोराला झाडाच्या सावलीत निजवून टोपली उचलत. तुमची गाडी तालुक्याला जाते तो रस्ता कोणी केला, हे गावात विचारा. कदाचित उत्तर देणारी म्हातारी त्याच गाडीत दांड्याला धरून उभी असेल.

आणि ही माणसे जातात तरी कुठे? श्रावणबाळ योजनेचे पैसे आले का ते बघायला. सरकारी दवाखान्यात. हयातीचा दाखला द्यायला, म्हणजे आपण जिवंत आहोत हे साहेबाला दाखवायला. अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून पुन्हा बोलावलेले असते. खुरपे धरून धरून अंगठ्याच्या रेषाच झिजलेल्या असतात. आणि समजा कोणी नुसतेच लेकीच्या गावाला निघाले असेल, पंढरपूरला निघाले असेल, तर त्याचा जाब विचारणारे तुम्ही कोण?

चालक-वाहकांचे हाल आम्हाला दिसतात. मोडक्या गाड्या, लांबलेल्या पाळ्या, वर प्रवाशांच्या शिव्या. त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः खाली उतरून म्हाताऱ्यांना हात देतात. पण थांब्यावर दोन म्हातारी माणसे हात करताना दिसली की गाडी पुढे दामटणारेही आहेत. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही योजना एस.टी.चीच ना? मग हात सुरकुतलेला असला तर गाडी का थांबू नये?

म्हणून स्पष्ट मागतो. ज्येष्ठांच्या राखीव आसनावर रुमाल टाकू नका, आणि तिथे बसला असाल तर कोणी उठवण्याआधी उठा. चढणाऱ्याची पिशवी आधी वर घ्या, मग हात द्या. अनोळखी म्हाताऱ्या माणसाला 'ए म्हाताऱ्या' म्हणू नका; आजोबा, बाबा, मावशी, आजी, इतके शब्द आहेत. त्यांना कुठे उतरायचे ते विचारून घ्या आणि थांबा आला की सांगा. वाहकदादा, ते बसेपर्यंत डबल बेल मारू नका. कोणी अपमान केलाच, तर खिडकीबाहेर बघत बसू नका. तिथल्या तिथे बोला, आणि कर्मचाऱ्याने केला असेल तर गाडीचा क्रमांक, वेळ लिहून आगारात लेखी तक्रार द्या. म्हातारा माणूस तक्रार करायला जात नाही, ती तुम्हालाच करावी लागेल.

हे पत्रक वाचून झाले की सीटखाली टाकू नका, शेजाऱ्याला द्या. आणि आता मान वर करून बघा, गाडीत कोणी म्हातारे माणूस उभे आहे का. असेल तर उठा.

— एस.टी.चे रोजचे प्रवासी