दोष तिच्याच माथी का?

सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला १८८१ मध्ये बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य झाली. त्यानिमित्ताने साऱ्या स्त्रीजातीलाच नावं ठेवली गेली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून जाब विचारला: बाईच्या माथी मारता ते दोष पुरुषांत नाहीत का? ताराबाईंवर टीका झाली, पण जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले.

आमच्या परभणीकडे बचत गटाच्या बैठकीत आजही ऐकू येतं, मुलगी पळून गेली, 'आईनं वळण लावलं नाही!' मैत्रिणींनो, महिला दिनाला ताराबाईंचं नाव घेणं सोपं आहे. असं बोलणं कानावर आलं की तिथल्या तिथे विचारूया, "अन् बाप कुठं होता?"