माउंट व्हर्ननची ओना

चेरीचे झाड, कुऱ्हाड आणि ‘मी खोटे बोलणार नाही’ म्हणणारा छोटा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असतो. ही गोष्ट मेसन वीम्स या चरित्रकाराने वॉशिंग्टन वारल्यावर, १८०६च्या आवृत्तीत घातली. तिला पुरावा नाही. पुरावा आहे तो वॉशिंग्टन यांच्या १२ एप्रिल १७९१च्या पत्राला, आणि ते मुलांना कोणी सांगत नाही.

तेव्हा अमेरिकेची राजधानी फिलाडेल्फियात होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८०च्या कायद्यानुसार, बाहेरून आलेल्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने त्या राज्यात राहिला तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. राष्ट्राध्यक्षांच्या घरी माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावरून आणलेले गुलाम राबत होते. वॉशिंग्टन यांनी आपला सचिव टोबायस लिअर याला कळवले, की या माणसांना मुदतीआधी घरी पाठवावे. निमित्त मात्र असे काढावे की त्यांनाही खरे कारण कळू नये आणि लोकांनाही. राज्याबाहेर पाऊल पडले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही पळवाट १७८८च्या दुरुस्तीने बंदच केली होती. म्हणजे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष ज्या राज्यात राहत होता, त्याच राज्याचा कायदा मोडत होता.

या घरात ओना जज होती. वयाने विशीची, शिवणकामात तरबेज, मार्था वॉशिंग्टन यांची खास दासी. आपल्याला मार्थाबाईंच्या नातीकडे देऊन टाकणार आहेत, हे तिला कळले. २१ मे १७९६ रोजी घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती बाहेर पडली. तिचे सामान शहरातल्या काळ्या मित्रमंडळींकडे आधीच पोहोचले होते. तीन दिवसांनी वर्तमानपत्रात जाहिरात आली: चेहऱ्यावर पुष्कळ वांग, डोळे काळेभोर, केस दाट, पकडून देणाऱ्यास दहा डॉलर. काही कारण घडले नसताना ती निघून गेली, असेही त्यात लिहिले होते. गुलामी हे कारण वाटत नव्हते, एवढेच यातून कळते.

ओना जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌समथला पोहोचली. त्या कप्तानाचे नाव तो जिवंत असेपर्यंत तिने कोणाला सांगितले नाही. तिथे ती ओळखली गेली, तेव्हा वॉशिंग्टन यांनी अर्थमंत्र्यांमार्फत बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याला, जोसेफ व्हिपलला, कामाला लावले. खासगी मालमत्तेच्या शोधासाठी सरकारी यंत्रणा! व्हिपलने कळवले, की तुमच्या पश्चात मुक्त करण्याचे वचन दिलेत तर ती परत येईल. नकार आला. पळून गेलेलीला असे बक्षीस दिले तर निष्ठावंत गुलामांवर अन्याय होईल, असे त्यांचे म्हणणे. १७९९मध्ये मार्थाबाईंचा भाचा बरवेल बॅसेट तिला न्यायला आला. तोवर तिचे लग्न झाले होते, पदरी लहान मूल होते. बॅसेट तिथले सिनेटर जॉन लँग्डन यांच्याकडे उतरला होता. त्यांनीच तिला सावध केले आणि ती वेळेवर निसटली.

वॉशिंग्टन यांचे मोठेपण मी नाकारत नाही. राजा होणे शक्य असताना सत्ता सोडून घरी जाणारा सेनापती दुर्मीळच. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या सुटकेची तरतूद केली, हेही खरे. पण थोर माणसाची बनावट गोष्ट पाठ करायची आणि त्याच्या सहीचे पत्र झाकायचे, ही इतिहासाशी बेइमानी आहे. ओनाशी तर आहेच.

तिचे पुढचे आयुष्य हलाखीत गेले. नवरा गेला, दोन्ही मुली तिच्याआधी गेल्या. पण ती वाचायला शिकली, आणि १८४०च्या दशकात गुलामीविरोधी वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या. पळाल्याचा पस्तावा होतो का, असे विचारल्यावर तिने स्वच्छ नाही म्हटले. ती मार्थाबाईंचे पहिले पती कस्टिस यांच्या इस्टेटीतली असल्याने मृत्युपत्रातली तरतूद तिला लागूच नव्हती. २५ फेब्रुवारी १८४८ रोजी ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती कस्टिस घराण्याच्या वारसांची गुलाम होती.