जुनें दप्तर आणि नवें यंत्र

हस्तलिखित सातबारा प्रथम संगणकांत गेला, आणि पुढें तीच माहिती ई-फेरफार प्रणालींत आली. नक्कल जितके वेळां उतरावी, तितके वेळां चूक शिरण्यास वाव मिळतो.

वऱ्हाडांतील जुनीं क्षेत्रें एकर-गुंठ्यांत लिहिलेलीं असत. आतां तीं हेक्टर-आरमध्यें मांडतात. २ एकर २० गुंठे म्हणजे अडीच एकर, अर्थात् सुमारें १ हेक्टर १ आर. हाच आंकडा दशांश समजून २.२० एकर धरला, तर अवघे ८९ आर होतात. बांध जागचा हालत नाहीं, परंतु कागदावर १२ आर जमीन नाहींशी होते. यंत्रास त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ अन्वयें हक्कनोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून वाटणीच्या किंवा विक्रीच्या दिवशीं जागें होणें महागांत पडतें. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यास कलम १५५ आहे. जुना उतारा व फेरफाराची नक्कल जोडून तहसीलदारांकडे अर्ज करावा. जुने कागद रद्दींत घालूं नयेत.

तथापि, नक्कल सरकारनें उतरली असतां हेलपाटे मात्र खातेदारानें कां घालावे? २०१७ सालीं चावडीवाचनाची मोहीम झाली. प्रणाली बदलेल तेव्हां तेव्हां तसेंच वाचन व्हावें, जुना व नवा उतारा शेजारीं ठेवून. नक्कल मुळाशीं ताडून पाहणें हें नक्कल करणाराचेंच काम होय.